बेरियमच्या रकान्यातली चूक

आमच्या बीएस्सीच्या वर्गात सॉल्ट ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. सर चिमूटभर पांढरी पूड कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे आणि तिच्यात काय आहे ते दोन तासांत शोधून काढायचं असायचं. मी अर्ध्या-पाऊण तासात उत्तर लिहून मोकळी व्हायचे. तारेच्या टोकाला पूड घेऊन बर्नरवर धरली की ज्योतीचा रंग बदलतो. सोडियमचा पिवळा, स्ट्रॉन्शियमचा लालभडक, बेरियमचा कोवळ्या हरभऱ्यासारखा पोपटी. बेरियम बहुतेकांना चकवायचं, कारण तांब्याची ज्योतही हिरवी असते. मला त्यानं कधी चकवलं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी मात्र दर वेळी फसायची. ती तार नीट धुवायची नाही, आधीच्या पुडीतलं सोडियम तिला चिकटलेलं असायचं, आणि तिची प्रत्येक ज्योत पिवळीच दिसायची. मग ती माझ्याकडे बघायची. सरांची पाठ फिरली की मी नुसते ओठ हलवून सांगायचे, "बेरियम."

ती रोहिणखेडची. तिचे अब्बा पिंजारी होते. दर उन्हाळ्यात ते खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण टाकून आमच्या गावी यायचे. आमच्या अंगणात बसून वर्षभर वापरलेल्या गाद्या उसवायचे, कापूस पिंजायचे आणि संध्याकाळपर्यंत नव्या शिवून द्यायचे. आई त्यांच्यासाठी वेगळ्या कपात चहा पाठवायची. आमची विहिरीखालची काळीभोर जमीन होती, गावात वडलांच्या शब्दाला वजन होतं. पिंजाऱ्याची मुलगी माझ्याच वर्गात शिकते याचं मला कौतुक वाटायचं. तिला बेरियम सांगताना मला फार बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यात काय काय मिसळलेलं होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

बीएस्सी झाल्यावर एमएस्सीसाठी आम्ही दोघींनी मिळून पुण्याला जायचं ठरवलं. मला रसायनशास्त्र हवं होतं, तिला भौतिकशास्त्र. मलकापूरहून एसटीनं गेलो. विद्यापीठाच्या खिडकीवर माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "मले एमएस्सीचा फॉर्म पाह्यजे." मागं रांगेत उभ्या असलेल्या तीन-चार मुली हसल्या. एकीनं हळूच 'मले, मले' असं म्हणून दाखवलं. माझे कान तापले. माझ्यामागून तिनं फॉर्म मागितला, तोही 'मले' म्हणूनच. त्या पुन्हा हसल्या. ती वळून त्यांच्याकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "हसू दे. थकतीन त बंद होतीन."

आम्हा दोघींचीही नावं यादीत लागली. आपापल्या यादीत माझं नाव बरंच वर होतं, तिचं शेवटून तिसरं.

मी गेले नाही. ट्रंक भरली, वडलांनी तिकिटाचे पैसे काढून ठेवले, आणि निघायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, मला जायचं नाही. वडील चकित झाले. "जाय ना वो बाई. कोन अडवते तुले?" कोणीच अडवत नव्हतं, हीच तर अडचण होती. पुढं आयुष्यात मी पुष्कळ बायकांच्या तोंडून ऐकलं, की घरच्यांनी शिकू दिलं नाही. ते ऐकताना मला त्यांचाही हेवा वाटायचा. त्यांना बोट दाखवायला कोणीतरी होतं. मी तीन-चार अनोळखी पोरींच्या हसण्याला भिऊन घरी बसले होते.

मी जवळच्या कॉलेजातून एमएस्सी केलं. लग्न झालं, नवरा हायस्कुलात गणित शिकवायचा. मला बुलढाण्याला एका संस्थेच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी लागली. त्याच सुमारास आमच्याकडे बीटी कपाशी आली. पहिली काही वर्षं लोक खुशीत होते. फवारणी कमी झाली, बोंडं भरून लागली, आणि लोकांनी ज्वारी, मूग, तूर मोडून बांधापासून बांधापर्यंत कपाशीच लावली. हलक्या रानातही तीच. मग पानं लाल पडायला लागली. लोक त्याला लाल्या म्हणत. माणसं मातीच्या पिशव्या घेऊन प्रयोगशाळेत यायची. कोणी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात माती भरून आणायचं, कोणी जुन्या धोतराच्या फडक्यात.

माझ्याकडे एक मशीन होतं. माती द्रावणात हलवायची, गाळायची, आणि ते पाणी मशीनच्या निळ्या ज्योतीत सोडायचं. ज्योतीतून एका दिव्याचा उजेड पार होतो. जस्तासाठी जस्ताचा दिवा, लोखंडासाठी लोखंडाचा. मातीत जितकं जस्त जास्त तितका तो उजेड कमी होऊन बाहेर पडतो. जे कमी झालं त्यावरून मातीत किती आहे ते सांगायचं. हे काम मला उत्तम जमायचं. पण आकडा दिला तरी समोरचा माणूस उठायचा नाही.

संग्रामपूरकडचे एक म्हातारे बाबा दोनदा आले. दुसऱ्या वेळी मातीबरोबर त्यांनी एक किडकं बोंडही आणलं होतं. ते माझ्या टेबलावर फोडून आतली गुलाबी अळी दाखवत म्हणाले, "ताई, बियान्यातच इख हाय म्हनतात. मंग थे खाऊन हे मरत काऊन नाही?"

मी म्हणाले, "बाबा, ते या मशीनवर कळत नाही. इथं फक्त माती तपासतात."

"मंग कोठी कळते?"

मी त्यांच्या मातीचा अहवाल पुढं सरकवला. ते बराच वेळ बसून राहिले. शेवटी आपलं बोंड उचलून खिशात घालून गेले.

तिच्याबद्दल अधूनमधून कानावर यायचं. पुण्यात राहिली, शिकवण्या घेतल्या, मग दक्षिणेतल्या कुठल्याशा संस्थेत ताऱ्यांवर पीएचडी करायला गेली. मी 'हो का, छान' म्हणायचे. एकदा ईदला ती घरी आली होती, तेव्हा मला भेटायला थेट प्रयोगशाळेत आली. केस थोडे पिकलेले, पायात साधे सँडल. माझं मशीन बघून तिनं टाळीच वाजवली.

"अवं, तू बी हेच करून राह्यली! मी बी हेच करतो. तुह्या इथं दिवा हाय, माह्या इथं तारा हाय."

मग तिनं स्टुलावर बसून मला तिचं काम सांगितलं. आकाशगंगेच्या अगदी बाहेरच्या भागात काही फार म्हातारे तारे आहेत. ते जन्मले तेव्हा विश्वात लोखंडसुद्धा फारसं तयार झालेलं नव्हतं, म्हणून त्यांच्यात लोखंड नावापुरतंच. पण त्यातल्या काही ताऱ्यांचा उजेड फाकवून पाहिला की त्यात बेरियम, लँथॅनम, शिसं यांच्या काळ्या रेघा ठळक दिसतात. इतके जड धातू त्यांच्यात आले कुठून, हा तिचा प्रश्न.

"मग कुठून आले?" मी विचारलं.

"त्याईनं सोता बनवले नाहीत, हे त पक्कं. माहे जे तारे हायेत त्याईच्या शेजारी एक जोडीदार होता. थो म्हातारपनी फुगला, आपल्या पोटात शिजवलेलं सारं याच्या अंगावर टाकलं, आन् इझून गेला. आता थो दिसत नाही. याच्या अंगावरचं बेरियम तेवढं दिसते."

ती उत्साहानं बोलत होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती. बेरियम. हिला धड बेरियम ओळखता येत नव्हतं. ते हिला मी सांगितलं होतं, सरांची पाठ फिरल्यावर, ओठ हलवून. आणि आता जगात बेरियम विचारायचं तर हिला विचारणार. मी मातीतलं जस्त सांगत बसणार, आणि तेही 'मग पुढं काय करू' या प्रश्नासमोर गप्प होऊन. हिचा तारा हिला कधी काही विचारत नाही. तो बोंड फोडून दाखवत नाही. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

जाताना तिनं मला तिच्या छापून आलेल्या निबंधाची एक प्रत दिली. पहिल्या पानावर मराठीत लिहिलं होतं, 'माझ्या पहिल्या गुरूला.' दुसऱ्या कोणाला ते वाचून गहिवरून आलं असतं. मला वाटलं, ही मला खिजवते आहे.

तो निबंध मी वाचायला घेतला तो फक्त चूक काढण्यासाठी. याबाबतीत स्वतःची बाजू घेऊन सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मी ते कागद काढायचे. पहिल्यांदा एक वाक्यही कळलं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून भौतिकशास्त्राची जुनी पुस्तकं आणली, अडलेल्या शब्दांची वही केली, नवऱ्याकडून लॉगॅरिदम पुन्हा शिकून घेतले. तो खूश झाला. म्हणाला, "बरं वाटतं तुला परत अभ्यासात बघून." मी वही पुढं ओढली. पेरणीपासून वेचणीपर्यंत मी त्या सोळा पानांवर होते. इतका अभ्यास मी परीक्षेसाठीसुद्धा कधी केला नव्हता.

निबंधाच्या शेवटी एक मोठा तक्ता होता. प्रत्येक ताऱ्यासमोर प्रत्येक धातूचं प्रमाण, आणि शेजारी ते सूर्याच्या मानानं आणि लोखंडाच्या मानानं किती जास्त आहे तो आकडा. दुसरा आकडा पहिल्यावरून साध्या वजाबाकीनं निघतो. मी एकेक ओळ घेऊन सगळ्या वजाबाक्या हातानं करून पाहिल्या. ओळी जुळत गेल्या तसतशी माझी चिडचिड वाढत गेली. आणि एका दुपारी एका ताऱ्याच्या ओळीत बेरियमचा हिशेब जुळला नाही. लँथॅनमचाही नाही. मी पुन्हा केला. पुन्हा तेच. मग लक्षात आलं, बेरियमचा आणि लँथॅनमचा आकडा एकमेकांच्या रकान्यात जाऊन बसले होते. आलेखात ते बरोबर होते, तक्त्यात उलटे.

मी खुर्चीतून उठलेच. शिपायानं विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

तिचा फोन नंबर माझ्या डायरीत होता. मी तिला फोन केला नाही. निबंधावर तिच्या नावाखाली तिच्या मार्गदर्शक सरांचं नाव आणि पत्ता होता. मी त्या सरांना पत्र लिहिलं. इंग्रजीत, टाइप करून, प्रयोगशाळेतल्या माझ्या हुद्द्यासह. 'आपल्या निबंधातील तक्त्यात एक गंभीर चूक आढळली आहे, कृपया खुलासा व्हावा.' 'गंभीर' हा शब्द मी आधी लिहिला, मग खोडला, मग पुन्हा लिहिला. पत्र पोस्टात टाकून घरी जाताना इतकं हलकं वाटलं की मी वाटेत स्वतःसाठी गजरा घेतला.

महिन्याभरानं त्या सरांचं चार ओळींचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. चूक खरी आहे, दुरुस्ती छापू, आपले आभारी आहोत. पुढं ती दुरुस्ती छापून आली आणि तिच्या खाली बारीक अक्षरात माझं नाव होतं. 'काळजीपूर्वक वाचनाबद्दल' आभार. तिनंच तो कागद पोस्टानं पाठवला. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. नवऱ्यानं तो कागद फ्रेम करायचा म्हटलं. मी त्याच्यावर उगाच ओरडले आणि कागद कपाटात साड्यांखाली टाकला.

त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. भांडण झालेलं नव्हतं, नुसता फोन कोणी उचलून केला नव्हता. मग आमच्या जुन्या कॉलेजनं विज्ञानाच्या एका कार्यक्रमाला तिला बोलावलं. प्राचार्यांचा मलाही फोन आला, तुम्ही दोघी एकाच वर्गातल्या, तुम्ही यायलाच पाहिजे. मी दुसऱ्या रांगेत बसले.

ती छान बोलली. पुण्याचं मराठी नाही, आमचंच. मुलं तिचं 'मले' ऐकून हसली नाहीत. तिनं ज्योतीचे रंग सांगितले, ताऱ्याच्या उजेडातल्या रेघा फळ्यावर काढल्या, म्हातारे तारे जड धातूंनी भरलेले कसे असू शकतात ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "माह्या निबंधात एक चूक होती. मोठमोठ्या लोकाईनं थो वाचला, छापनाऱ्याईनं वाचला, कोनाले दिसली नाही. इथंच बसलेल्या माह्या मैत्रिनीले दिसली." आणि तिनं माझ्याकडे हात केला. सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. प्राचार्यांनी मला उभं राहायला लावलं. मी उभी राहिले. पदर कुठं ठेवावा तेही मला सुचत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली, "चाल घरी, अब्बा वाट पाहून राह्यले." तिच्या भावाच्या गाडीतून आम्ही रोहिणखेडला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी होती. बऱ्याच शेतांत लोकांनी गुलाबी अळीला कंटाळून जनावरं सोडली होती.

तिचे अब्बा ओसरीवर खाटेवर बसले होते. पिंजण भिंतीला टांगलेलं होतं. लोक आता फोमच्या गाद्या घेतात, त्यांना काम उरलं नव्हतं. मला बघून उठायला लागले. "आवो बेटी, बैठो." मी म्हटलं, "चाचा, तुम्ही बसा." आत अम्मी चहा ठेवत होत्या. आम्ही दोघी मागच्या अंगणात जाऊन बसलो. तिनं चप्पल काढली, पाय लांब केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"एक इचारू? तुह्याजोळ माहा नंबर होता. तुनं सरले काऊन लिहिलं?"

मी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. दोन वर्षं ती मनात घोळवत होते. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"तुझं नाक कापावं म्हणून," मी म्हणाले.

तिनं पाय जवळ घेतले. मग मान हलवून म्हणाली, "हाव. मले वाटलंच होतं. कापल्या बी गेलं. सरनं वर्षभर माहा एक-एक तक्ता माह्याहून लहान पोराकडून तपासून घेतला. माह्या देखत. मी थ्या टेबलाजोळ उभी राहो."

"मला माहीत नव्हतं."

"तुले कसं माहीत होईन?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुनं इचारलं कधी? मले वाटे, ही लय हुशार, हिले माह्या कामाचं काय कौतुक. माहा निबंध तुनं पूर्ण वाचला हे कळलं तवा मले आधी खुशीच झाली, ठाऊक हाय? मंग पत्रावरचा पत्ता पाह्यला."

मी म्हटलं, "मग आज सगळ्यांसमोर आभार कशाला मानलेस?"

आता ती माझ्याकडे वळली. "चूक त खरी होती. म्हनून मानले. आन् थे तुले टोचीन, हे बी मले ठाऊक होतं. म्हनून बी मानले."

मला राग यायला हवा होता. उलट छातीवरचं काहीतरी थोडं सैल झालं. इतकी वर्षं मी तिला चांगली समजत होते आणि तेच मला सहन होत नव्हतं. मी म्हणाले, "मी पुण्याला आले नाही, त्याचा राग मी तुझ्यावर काढला."

"म्या थोडी तुले थांबवलं होतं?"

"नाही. कोणीच नाही थांबवलं."

"मंग?"

अम्मी चहा घेऊन आल्या. सगळ्यांचे कप सारखेच होते, काचेचे. मला आमच्या घरातला तो वेगळा कप आठवला आणि मी कप खाली ठेवला. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं की नाही मला सांगता येणार नाही. तिनं बशीतली नानखटाई माझ्याकडे सरकवली आणि भावाच्या पोरींविषयी बोलायला लागली.

निघताना मी माफी मागितली. ती 'जाऊ दे' म्हणाली नाही. म्हणाली, "पाहू."

चार-पाच महिन्यांनी मला तिचा ईमेल आला. नव्या निबंधाचा कच्चा मसुदा, अजून न छापलेला, आणि वर दोन ओळी. 'छापायच्या आधी वाच. मागच्यासारखाच वाच, मनात राग धरून. प्रेमानं वाचणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना काही दिसत नाही.'

मी वाचला. दोन ठिकाणी वजाबाकी चुकली होती. या वेळी थेट तिलाच कळवलं. तेव्हापासून तिचे मसुदे येत राहिले आहेत. आता मला ताऱ्यांतले जड धातू बऱ्यापैकी समजतात. बेरियमचं प्रमाण शिशाच्या मानानं किती असावं, युरोपियम जास्त निघालं तर त्याची गोष्ट वेगळी का, जोडीदार तारा किती मोठा असला पाहिजे. प्रयोगशाळेत कोणाला मी हे बोलून दाखवत नाही. तिथं अजून मातीच्या पिशव्या येतात, आणि मशीनवर न कळणारे प्रश्न येतात. फरक इतकाच झाला आहे की 'ते इथं कळत नाही' एवढं सांगून मी थांबत नाही. कुठं विचारायचं ते कागदावर लिहून देते, आणि समोरच्याला वाचता येत नसेल तर फोन लावून देते.

हेवा गेला असं मात्र नाही. तिचा एखादा निबंध परदेशात वाचला गेला, की दोन दिवस माझा स्वयंपाक बिघडतो. नवरा आता काही विचारत नाही, आमटी पानात बाजूला सारतो. मागच्या दिवाळीत तिनं सगळ्यात मोठा मसुदा पाठवला. मी तो तीनदा वाचला. प्रत्येक ओळ हातानं करून पाहिली, प्रत्येक आलेख तक्त्याशी लावून पाहिला. एकही चूक नव्हती. दिवसभर मी घरात कोणाशी धड बोलले नाही. संध्याकाळी तिला एवढंच कळवलं, 'ठीक आहे. पाठवून दे.'

तिचं लगेच उत्तर आलं. 'पुन्हा एकदा पाहतेस का? मला विश्वास बसत नाही.'

मी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून परत सुरू केलं.